हौद्यातलं वजन

मला गाड्यांचा तिटकारा नाही. अर्धं आयुष्य मी गाड्यांच्या पोटाखाली उताणा पडून काढलंय. पण एक पिकअप अशी होती, की तिचं तोंड वळणावर दिसलं तरी माझ्या तोंडात कडू पाणी यायचं.

जुन्नरमध्ये माझं पाट्यांचं दुकान होतं. अब्बा बैलगाडीच्या चाकांना लोखंडी धावा चढवायचे. बैलगाड्या कमी झाल्या, तसा मी त्याच भट्टीवर जीपचे आणि टेम्पोचे पाटे ठोकायला लागलो. चाकाच्या वर एकावर एक रचलेल्या वाकड्या पोलादी पट्ट्या असतात, ते पाटे. गाडीचा सगळा भार तेच झेलतात. टोमॅटोचा हंगाम आला की पिकअपवाले एखादा जादा पाटा टाकून घ्यायचे, क्रेट जास्त बसावेत म्हणून. त्यात मला काही वावगं वाटायचं नाही.

मग एक दिवस राजुरीकडचा एक बागायतदार नवी कोरी पिकअप घेऊन आला. चाळिशीचा, पांढऱ्या कपड्यांतला, गालात गुटख्याचा तोबरा. खाली उतरायच्या आधीच तो दारातून थुंकला. माझ्या ऐरणीपासून हातभरावर.

"मिस्त्री, गाडी उचलायची. म्होरनं बी आन् मागनं बी."

"माल काय भरता?"

"मालाचं न्हाई वो. चतुर्थीला ओझरला गेलो व्हतो. माझ्या शेजारी आमच्या भावकीतल्यानं जीप लावली. त्यो वरनं बोलतो, मी खालनं मान वर करून आयकतो. बरं दिसत न्हाई राव."

मी हसलो आणि काम घेतलं. हे पहिलं चुकलं. अॅक्सल आणि पाट्यांच्या मध्ये लोखंडी ठोकळे घातले, वर दोन-दोन जादा पाटे चढवले. गाडी वीतभर वर आली. चारही बाजूंनी अगदी सारखी उभी राहिली, आणि मला त्याचा अभिमानही वाटला.

पंधरा-वीस दिवसांनी तो परत आला, तो पाठीमागे उशी लावून. उतरताना एक हात कमरेवर.

"मिस्त्री, आतडी तोंडात येत्यात. काय तरी करा."

मी त्याच्याबरोबर नारायणगावच्या रस्त्याला एक चक्कर मारून आलो. रिकामी गाडी प्रत्येक खड्ड्यावर उडत होती. गाडी उचलल्यामुळे हादरे झेलणारे शॉकप पूर्ण ताणले गेले होते, त्यांना खालीवर व्हायला जागाच उरली नव्हती. त्यामुळे चाक जरा खाली गेलं की खाडकन ठोका बसायचा. माझं डोकं दोनदा टपाला आपटलं. दरवाजाच्या आतल्या बाजूला गुटख्याचे ओघळ वाळले होते, आणि प्रत्येक उडीला माझा हात नेमका त्यांच्यावर पडत होता.

"ठोकळे काढू. जादाचे पाटे काढू. गाडी पाण्यासारखी चालंल," मी म्हणालो.

"उंची एक बोट कमी व्हायची न्हाई. आराम पायजे आन् उंची बी पायजे."

मी पुन्हा काम घेतलं. जादाचे पाटे काढून टाकले. मूळचे पाटे भट्टीत लाल करून त्यांना जास्त बाक दिला आणि पुन्हा पाणी पाजून कडक केलं, म्हणजे पाट्यांची संख्या न वाढवता उंची टिकली. पाट्यांच्या मध्ये ग्रीस भरलं, टोकांचे रबरी बुश नवे बसवले, पुण्याहून लांब दांड्याचे शॉकप मागवले, चाकांतली हवा थोडी उतरवली. तीन दिवस मी त्या गाडीखाली होतो. गाडी निम्म्याने सुधारली. पण मागचा हौदा रिकामा असला की शेपूट उडायचं ते उडायचंच.

तेव्हा मी सहज बोलून गेलो, "मागं वजन ठेवा. वाळूच्या आठ-दहा गोण्या टाका, बघा कशी बसते रस्त्याला."

"गोण्या रोज कोन चढवनार आन् कोन उतरवनार?" असं म्हणून तो गेला.

भातकापणी उरकल्यानंतरची गोष्ट. तो एका सकाळी आला तो खुशीत. पाठीमागे उशी नव्हती.

"मिस्त्री, बसा गाडीत. तळेघरच्या अंगाला एक जमीन बघायचीय. घाटात बघा तुमचं काम कसं पळतंय ते."

हौद्यात दहा-अकरा माणसं बसली होती. नारायणगावला रोज सकाळी मजुरांचा नाका भरतो. डोंगरातली माणसं कापणी झाली की खाली उतरतात आणि तिथं उभी राहतात, कुणी कांदा लावायला नेतो, कुणी द्राक्षबागेत. यांना कामावर सोडणार असेल, असं समजून मी पुढे बसलो.

गाडी खरंच सुंदर चालली. घोडेगाव मागे पडलं, डिंभ्याचं धरण दिसायला लागलं, तरी एक ठोका नाही. मी मनात पाट्याच्या बाकाला शाबासकी देत होतो. "बाक दोन सूत कमी असता ना, तर हे साधलं नसतं," असं त्याला सांगतही होतो. आज ते आठवलं की स्वतःचीच लाज वाटते.

घाट सुरू झाला आणि मागून उलटीचा आवाज आला. मी मागच्या काचेतून बघितलं. एक म्हातारी हौद्याच्या मागच्या फाळक्याला धरून वाकली होती आणि एक माणूस तिचं कपाळ दाबून धरत होता.

"थांबवा जरा."

"आता चढ हाय. वर थांबू."

तो थांबला ते वर चहाच्या टपरीपाशी. मी चहाचा ग्लास घेऊन मागे गेलो. हौद्याच्या पत्र्यावर उलटी पसरली होती, तिच्यात चपला, डबे, एक विळा. औषधफवारणीच्या डब्यांचा उग्र वास त्यात मिसळलेला. आणि त्या पत्र्यावर पांढऱ्या रंगाने आडवा पट्टा ओढलेला होता. सगळी माणसं पट्ट्याच्या मागे, एकमेकांना चिकटून बसली होती. पुढची निम्मी जागा मोकळी.

"पुढं सरका की," मी म्हणालो. "तिथं एवढं हादरत नाही."

"पट्ट्याच्या म्होरं बसायचं न्हाई, आसं हाय," म्हातारीचं कपाळ धरणारा म्हणाला.

"कामाला कुठं चाललाय?"

"काय म्हाईत. काल बी कामाचं म्हनून न्हेलं. आळेफाट्याला पावण्याच्या घरी थांबला दिवसभर, आमी भाईर उनात बसलो. सांजच्याला वडापाव दिला आन् नाक्यावर सोडलं. बसायचा रोज कसला, म्हनला."

मला आधी समजलंच नाही. मग समजलं, आणि हातातला चहा मी टपरीच्या मागे ओतून दिला. बागायतदाराजवळ जाऊन विचारलं, "ही माणसं कशाला घेतलीयत?"

तो हसला. त्या हसण्यात काही लपवालपवी नव्हती. आपली युक्ती जाणकाराला दाखवावी, तसा तो हसला.

"तुमीच सांगितलं की मिस्त्री, मागं वजन ठेवा. गोणी चढवाया-उतरवाया मानूस लागतो. ही सोताच्या पायानं चढत्यात, सोताच्या पायानं उतरत्यात. लहान पोरं मी घेत न्हाई. वजन पडत न्हाई त्यांचं."

मला त्याच्या थोबाडीत मारता आली असती. मी मारली नाही. तोंडातून निघालं काय, तर एवढंच, "ह्ये बरं न्हाई भाऊ."

"लई मनाला लावून घेता राव तुमी," असं म्हणून त्याने टपरीच्या भिंतीवर पिचकारी मारली. त्या लाल ओघळाकडे बघत मी परत पुढच्या सीटवर जाऊन बसलो. हे दुसरं चुकलं, आणि पहिल्यापेक्षा मोठं.

तळेघरला तो जमीन दाखवणाऱ्याबरोबर बांधावरून गेला. तो तासाभराने परतला तेव्हा हौद्यातली माणसं खाली उतरून, डबे-विळे उचलून चालायला लागली होती. म्हातारीची वाडी तिथून दोन डोंगर पलीकडे होती, बाकीच्यांच्याही आसपास. आलोच आहोत तर घरी जाऊ, असं त्यांनी ठरवलं होतं. कुणी भांडलं नाही, कुणी काही ऐकवलं नाही.

तो मागे धावला. "आरं, जाता कुठं? उद्या काम हाय, खरंच काम हाय! रिकामी गाडी घाटातनं कशी न्हेऊ मी?"

म्हातारी वळलीसुद्धा नाही. ती पदराने तोंड पुसत उताराला लागली. त्या दिवसात तेवढं एकच दृश्य मला बघवलं.

परतीला गाडी पुन्हा उडायला लागली. तो दर खड्ड्याला विव्हळत होता आणि त्या माणसांना शिव्या देत होता. आम्ही ह्यांना फिरवतो, वडापाव चारतो, तरी ह्यांना किंमत नाही, वगैरे. मध्येच माझ्याकडे बघून म्हणाला, "मिस्त्री, राग येनार नसंल तर, तुमी तरी मागं बसता का? डिंभ्यापत्तुर."

"थांबवा," मी म्हणालो.

त्याने थांबवली. रस्त्याला चिटपाखरू नव्हतं, एसटी सकाळचीच. मला त्याच्याशेजारी एक क्षण बसवेना. मी उतरलो आणि फाळक्यावरून हौद्यात चढलो. मागच्या बाजूला दांडी धरून बसलो, कारण पुढे धरायला काहीच नव्हतं. बुडाखाली वाळत आलेली उलटी होती. गाडी सुटली. वळणावर डोकं गरगरलं, उतारावर पोट वर आलं. माझे बाक दिलेले पाटे खालून करकरत होते. एवढ्यात खिडकीतून त्याचा आवाज आला, खूश होऊन ओरडलेला:

"बघा मिस्त्री! लगेच फरक पडला!"

मला वाटलं होतं, मी चिडून मागे आलोय. त्याच्या लेखी मी पासष्ट किलो होतो. मी पुढे सरकून टपावर मुठी आपटल्या, तो थांबेपर्यंत आपटत राहिलो. उडी मारून उतरलो आणि डिंभ्यापर्यंत चालत आलो. तिथून मिळेल त्या वाहनाने घोडेगाव, तिथून जुन्नर. घरी बायकोला सगळं सांगितलं. ती ऐकून घेऊन एवढंच म्हणाली, "टपरीवरच का नाही उतरलात?"

आठवड्याने तो आला. शॉकप गळत होता. मी भट्टीपासून उठलो नाही.

"ठोकळे काढायचे असतील तर गाडी लावा. न्हाईतर न्या."

तो शिव्या देत मंचरला गेला. तिथं कुणीतरी त्याचं काम केलं असणारच. करणारे मिळतात. मीच दोनदा केलं होतं.

तरी मनाला स्वस्थता नव्हती, म्हणून एका सकाळी नारायणगावच्या नाक्यावर गेलो. म्हातारीचं कपाळ धरणारा तो माणूस तिथं उभा होता. त्याला बाजूला घेऊन सांगितलं, की ती पांढरी पिकअप आली तर बसू नका. तो तुम्हाला कामाला नेत नाही, वजनाला नेतो.

"ठावं हाय," तो म्हणाला. "पैल्या दिवशीच कळलं व्हतं."

"मग बसता कशाला?"

त्याने माझ्याकडे बघितलं, जसं एखाद्या अडाण्याकडे बघावं. "पाच दिवसांतनं एकदा खरंच काम देतो. त्यो दिवस कंचा, ते आदी कसं कळनार?"

एवढ्यात ती पिकअप चौकातून वळून आली, तितकीच उंच. बागायतदार खिडकीतून ओरडला, "चला, सा जन! बारकी नको!" पाच-सहाजण पळाले. माझ्याशी बोलणारा थोडा घुटमळला. मग त्याने विळा कमरेला खोचला, फाळक्यावर पाय दिला आणि आपणहून पट्ट्याच्या मागे जाऊन बसला.