भिंतीपलीकडचं पाणी

इंजिनांचे सिलिंडर आतून कापून गुळगुळीत करणाऱ्या बोरिंगवाल्याच्या मशीनवर त्याच्या मेव्हण्याच्या टेम्पोचं इंजिन चढलं होतं. मशीन गुणगुणायला लागलं की या गृहस्थाची तंद्री लागे. "माझ्याशी बोलताना कधी एवढे रंगले नाहीत," असं बायको म्हणायची. पिठासारखा करडा कीस झरत होता, सिलिंडर आतून पहाटेच्या तळ्यासारखा उजळत होता. एक ओरखडा मात्र हटून बसला होता.

"भाऊजी, आणखी एक हात मारा की!" मेव्हणा म्हणाला. उद्या टेम्पो निघाला नाही, तर त्याचं गिऱ्हाईक जाणार होतं.

बोरिंगवाल्याने सिलिंडरच्या भिंतीवर आतून बोटं टेकवली. आधीच्या मालकांनीही असाच एकेक हात मारून घेतल्याने ती पापुद्र्यासारखी उरली होती. पलीकडे इंजिन थंड ठेवायला फिरणारं पाणी त्याला कोरड्या इंजिनातही ऐकू आलं. पुढचं डोळ्यांसमोर आलं: भर चढावर भिंत फुटलेली, टेम्पो मागे घरंगळतोय, आत मेव्हणा.

त्याने मशीन बंद केलं. "किती कापायचं ते ओरखड्याला नाही, भिंतीला विचारायचं असतं. ती नको म्हणतेय. इंजिनाचा दुसरा ब्लॉक शोधू."

"आणि माझं गिऱ्हाईक?"

"दुसरं मिळेल रे. दुसरा भाऊ तुझी ताई कुठून आणणार?"