सव्वादोनची बांगडी

दुपारी एकचा सुमार आहे. कराडच्या पेठेतलं बांगड्यांचं दुकान अर्ध्या फळ्या लावून बंद आहे आणि मागच्या खोलीत विजयमाला चटईवर आडवी झाली आहे. सून अश्विनी नुकतीच सांगून गेली, "आई, जरा पडा. चारला बाबरांकडे जायचंय." बाबरांच्या ऋतुजाचं परवा लग्न, आज चुडा. ऋतुजाच्या आईचा चुडाही विजयमालानेच भरला होता. त्या घराला मालाकाकूंशिवाय दुसरं कोणी चालतच नाही.

ती डोळे मिटते, पण झोप काही लगेच येत नाही. शेवटची केमो होऊन पाच महिने झाले. घरच्यांनी गल्लीभर पेढे वाटले. केस परत आले, तेही चांगले कुरळे. जो तो म्हणतो, "झालात बाई ठणठणीत!" आणि ती मान डोलावते. तिच्या बोटांना काही कळत नाही, हे तिने कोणालाच सांगितलेलं नाही. अश्विनी औषधं आणायला खाली गेली होती तेवढ्यात डॉक्टर म्हणाले होते, औषधाने नसा दुखावल्यात, वर्ष लागेल, दोन लागतील, काहींचं राहूनही जातं. ते बोलणं तिने घरापर्यंत येऊच दिलं नाही.

आणि बांगडी भरणं म्हणजे सगळा बोटांचा कारभार. डोळ्यांचं काम त्यात थोडंच असतं? गिऱ्हाइकाचा हात हातात घ्यायचा, अंगठ्याच्या बुडाचं हाड चाचपायचं, ते आत दाबायचं आणि काच अलगद वर सरकवायची. कुठे अडतंय ते बोटालाच कळतं. गेल्या आठवड्यात एका बाईंच्या हातावर तिच्याकडून तीन बांगड्या वाढल्या. कासाराच्या दुकानात बांगडी फुटली म्हणत नाहीत, वाढली म्हणतात. पण त्या बाईंच्या मनगटावर रक्त आलं ते आलंच. "माल कच्चा आलाय," असं ती बाईंना म्हणाली आणि नंतर सुनेलाही तेच म्हणाली.

पंखा घरघरतो आहे. ती घरघर हळूहळू इंजिनाची होते, मागोमाग पत्रा खडखडू लागतो, आणि कोणीतरी तिच्या खांद्यावर टिचकी मारतं.

"वहिनी, सरका की जरा. सगळी शीट अडवून बसलाय व्हय?"

फरीदा मुजावर. अंगावर खाकी गणवेश, खांद्याला कातडी पिशवी. ती एसटीत कंडक्टर होती. केमोच्या वॉर्डात दर तिसऱ्या मंगळवारी तिची खुर्ची विजयमालाच्या शेजारी असायची. चौथ्या केमोनंतर ती आली नाही. पाचव्याला त्या खुर्चीत दुसरीच बाई होती, आणि विचारलं तेव्हा नर्सने नुसती मान हलवली. फरीदा मेली आहे हे विजयमालाला आत्ताही पक्कं ठाऊक आहे. तरी ती सरकून जागा देते.

खिडकीबाहेरून ऊस मागे पळतो आहे. सीटच्या वर सलाईनची बाटली लटकते आहे, आणि उतारूंपैकी कोणालाच त्याचं काही वाटत नाही.

"बऱ्या झालाय म्हणं," फरीदा म्हणते.

"हो, बरी झाले."

"गावाला सांगता तेच मला सांगताय व्हय? बिगरतिकिटाचं माणूस मला लांबनं वळखू येतं."

विजयमालाला राहवत नाही. "बोटं मेलीत गं माझी. पायाखाली कापूस अंथरल्यासारखा वाटतो. परवा एक चप्पल रस्त्यातच राहिली, मी तशीच घरी आले. ब्लाउजचे हूक अश्विनी लावते, तिला सांगते खांदा धरलाय. तापलेलं पातेलं उचललं, ते फोड आल्यावर कळलं." बोलता बोलता तिला स्वतःचीच लाज वाटते. "आणि हे रडगाणं मी तुझ्यापुढे गातेय. तू तर..."

"मेले," फरीदा सहज म्हणते. "म्हणून तर माझ्यापुढं रडा. मला कुठं जायची घाई हाय? जित्या माणसांना पेढं खायाचं असत्यात."

विजयमालाच्या डोळ्यांना धार लागते. फरीदाची तिला किती आठवण येते, हे तिने घरी कधी बोलून दाखवलं नाही. जेमतेम दोन महिन्यांची ओळख, सांगणार तरी काय? पण ओकारी आली की स्वतःची सुई सांभाळत जिने पिशवी पुढे धरली, ती बहिणीपेक्षा जवळची झाली होती. तिच्या मातीलाही जाता आलं नाही.

बस थांबते ती थेट दुकानात. फरीदा गिऱ्हाइकाच्या जागेवर बसली आहे. खाकी बाही वर सारून ती हात पुढे करते.

"भरा. हिरव्या. पार कोपरापातूर."

नोकरीत तिला काचेच्या बांगड्या कधी टिकल्या नाहीत, गर्दीत हात दांड्यावर आपटायचा. केमो संपल्या की वहिनींच्या हातून भरून घेणार, असं ती दर खेपेला म्हणायची.

विजयमाला तिचा हात हातात घेते. तो गार आहे की ऊन, तेही तिला कळत नाही. हाड सापडत नाही. पहिली बांगडी वाढते. दुसरीही वाढते. काचा फरीदाच्या मांडीवर पडतात.

"नाही जमत मला," विजयमाला म्हणते. "आज त्या पोरीचा चुडा आहे, फरीदा. नवरीच्या हातावर वाढली तर? तिला रक्त आलं तर?"

"मग सांगून टाका की, जमत न्हाई म्हणून."

"आणि मग मी काय करू? चौदाव्या वर्षापासून दुसरं काही केलं नाही मी. एवढं दुखणं सोसून जगले ती कशासाठी, हात मांडीवर ठेवून बसायला?"

फरीदा काचा झटकते आणि विजयमालाचाच डावा हात ओढून घेते, शिरा काळ्या पडलेला. "आणा हिकडं. आज मी भरते."

"अगं, ती सव्वादोनची आहे. मला अडीच लागते. चढायची नाही."

"न चढायला काय झालं? भरल्या गाडीत माणसं चढवलीत मी."

ती अंगठा आत दाबते आणि बांगडी रेटते. विजयमाला कळ येण्याची वाट पाहते. बांगडी हाडावरून पलीकडे जाते.

"दुखलं?" फरीदा विचारते.

"नाही."

इतका वेळ हसणाऱ्या फरीदाचा चेहरा पडतो. हात तसाच धरून ती म्हणते, "वहिनी, दुखाया पायजे हुतं वो."

मग ती उठते आणि डोक्यावरची घंटीची दोरी दोनदा ओढते. "थांब," विजयमाला ओरडते, "तुझ्या भरायच्या राहिल्यात!" पण घंटी वाजलेली आहे, गाडी सुटली आहे.

"आई, उठा. साडेतीन झाले."

दारात अश्विनी चहा घेऊन उभी आहे. ती पुढे येते आणि मध्येच थबकते. विजयमालाच्या डाव्या मनगटावर एक हिरवी बांगडी आहे. अंगठ्याच्या बुडाशी कातडं सोलवटलं आहे आणि चटईवर रक्ताचे थेंब पडले आहेत. या खोलीत बांगड्यांचा एकही डबा नाही.

"अहो आई! सव्वादोनची कशी चढवलीत? केवढं सोललंय! दुखलं नाही?"

नेहमीचं उत्तर ओठांवर येतं. विजयमाला ते गिळते.

"मला कळलंच नाही गं," ती म्हणते. "मला बोटांना काहीच कळत नाही, अश्विनी. केमोपासून. माल कच्चा नव्हता."

अश्विनी चहा खाली ठेवते आणि तिच्या शेजारी बसते. मग पदराने सासूच्या हातावरचं रक्त पुसते. "ही काढायची म्हटलं तर वाढवावीच लागेल."

"असू दे. ऋतुजाचा चुडा तू भर. मी शेजारी बसते."

"मी? मी लहान पोरींचेच हात भरलेत आजवर."

"हा घे उजवा हात. अंगठ्याखालचं हाड शोध."

अश्विनी तिचा हात मांडीवर घेते, चाचपते आणि हाड दाबते. "दुखलं तर सांगा हं," ती सवयीने बोलून जाते, आणि जीभ चावते. तिचे डोळे भरून येतात.

"विचार," विजयमाला म्हणते. "नवरीला विचारायचंच असतं."