नाकारलेली पडवी

माझा देवावर फारसा भरवसा नव्हता. तीन वर्षांत दोन लेकरं मातीत पुरली की भरवसा राहत नाही, राहतो असं म्हणणाऱ्या बायका खोटं बोलतात. तिसरी मुलगी झाली तेव्हा आत्याबाईंनी, म्हणजे माझ्या सासूनं, तिचं नाव धोंडी ठेवलं, यमाला ती नकोशी वाटावी म्हणून. मी तिला कुणाच्या हातात देत नव्हते. सात महिने झाले तरी आत्याबाईंनासुद्धा नाही. न्हाऊ मीच घालायची, तीट मीच लावायची, झोपतानासुद्धा तिच्या झबल्याची नाडी माझ्या बोटाला गुंडाळलेली असायची.

आमचं गाव कराडच्या वरच्या अंगाला. आमचं कुलदैवत मात्र घाटाखाली, समुद्राच्या काठाला; आमच्या घरातलं तिथं कुणी गेलेलं नव्हतं, नारळ दुसऱ्याच्या हाती जायचा. आत्याबाईंनी नवस बोलला होता की मुलगी सहा महिने जगली तर देवापुढं तिला परक्या बाईच्या पदरात टाकू आणि मूठभर जोंधळ्यावर परत घेऊ. आमच्याकडं ही रीत आहे. लेकरं जगत नसली की पोर दुसरीला द्यायचं आणि तिच्याकडून विकत घ्यायचं. मग मरण आलं तरी त्याला वाटतं, हे या घरचं नव्हंच. मला हे पटत नव्हतं. पण नाही म्हणायची छाती नव्हती. मी दोन अटी घातल्या, की ती बाई मी निवडणार आणि वाटेतले मुक्कामही मीच ठरवणार.

लढाई संपून वरीस झालं होतं. मालक पलटणीतून सुटून घरी आले होते. माघात ऊस घालवून आम्ही बैलगाडी जुंपली. गाडीत मी, धोंडी आणि आत्याबाई, पुढं मालक.

पहिला मुक्काम पाटणच्या धर्मशाळेत ठरला होता. आत कुणीतरी खोकत होतं, म्हणून मी गाडी झाडाखाली सोडायला लावली. कुंभार्ली घाट उतरल्यावर एका शेतकऱ्यानं चांगली सोप्यातली जागा दिली. पण आढ्याला रिकामा पाळणा टांगलेला दिसला आणि मी तिथून उठले. चिपळूणला एका दुकानदाराच्या बायकोनं ओसरी झाडून दिली, पाणी दिलं, आणि धोंडीकडं बघून म्हणाली, "किती गुटगुटीत आहे हो." मी लगेच बोचकं बांधलं. मालक बैलांना परत जुंपताना म्हणाले, "आई, हिला जागा दाखवायची म्हंजी उपवर पोरगी दाखवायची गत झाली. लढाईत बी मी येवढं मुक्काम हलवलं न्हाईत."

आत्याबाई म्हणाल्या, "व्हय, आन हुंडा बी तूच देतुयास, बैलांच्या खुरांनी."

मला आत्याबाईंच्या हसण्याचा राग येत होता. त्यांची लेकरं जगली होती.

चौथ्या दिवशी पहाटेच निघालो आणि उजाडताना एका चढावर आलो. तिथून समुद्र दिसला. आमच्यापैकी कुणीच तो आधी पाहिलेला नव्हता. मालकांची पलटणसुद्धा रेल्वेनं पूर्वेला गेली होती. मला वाटलं होतं समुद्र खाली असेल, नदीसारखा. तो तर निळ्या भिंतीसारखा उभा होता, आभाळाला टेकलेला. बैल थांबले. मालकांनी चाबूक मांडीवर ठेवला. पुढं सगळा रस्ता काठानंच होता, एका बाजूला माड आणि एका बाजूला पांढरी वाळू. असं चांगलं मी जन्मात काही बघितलं नव्हतं, आणि तेव्हाही माझं लक्ष धोंडीच्या श्वासावर होतं.

देवळाच्या अलीकडच्या वाडीत एक बाई अंगणात मासे वाळत घालत होती. गाडी बघून पुढं आली. म्हणाली, "पडवी रिकामी हाय गो बाय. बैल माडाखाली बांदा." तिचे हात कोपरापर्यंत खवल्यांनी चकाकत होते. वासानं मी पदर नाकाला लावला. तिनं धोंडीच्या गालाकडं बोट नेलं आणि मी पोर पदराखाली ओढली. तिनं हात मागं घेतला, वाईट वाटून घेतलं नाही. मी मालकांना म्हणाले, समोर वाळवंट आहे, स्वच्छ आहे, आपण कृष्णेच्या वाळवंटात जत्रेला उतरतो तसं उतरू. ते ऐकून ती बाई म्हणाली, "वाळूवर नको. आज पुनव. पानी पार वर येतंय."

पाणी पार अर्ध्या कोसावर होतं. मालकांनी आभाळाकडं बघितलं. "कुठं ढग न्हाई. पूर कुठनं येतोय?" आम्ही नदीची माणसं. वर पाऊस झाल्याशिवाय पाणी चढत नाही, एवढंच आम्हाला ठाऊक. मला तर वाटलं, हिला आम्हाला ठेवून घ्यायचंय म्हणून भिववते आहे.

वाळूच्या एका उंचवट्यावर गाडी सोडली. भाकरी खाल्ली, धोंडीला पाजलं, आणि चार दिवसांच्या शिणानं गाडीखालच्या सावलीत सगळेच झोपलो.

बैलांच्या फुरफुरण्यानं जाग आली. समोर पाहिलं तर समुद्र जवळ आला होता, पण अजून लांब होता. मग मागं पाहिलं. आम्ही आणि माड यांच्यामध्ये पाणी होतं. कुठल्या वाटेनं आलं कळलं नाही. गढूळ, रुंद, आणि ते वर चाललं होतं, जमिनीकडं. उलटं वाहणारं पाणी मी कधी पाहिलं नव्हतं. भिण्याच्या आधी मी नुसती बघत राहिले.

मालकांनी दावी कापली. आत्याबाईंना एका बैलाच्या शेपटीला धरायला लावून ते त्यांना घेऊन पुढं गेले. "हितंच थांब, परत येतो," म्हणाले. पण उंचवटा पायाखालून निघून जात होता. मी पाण्यात शिरले. कंबरेला आलं, छातीला आलं. धोंडीला डोक्यावर धरलं. वाळू टाचेखालून सरकली आणि मी एकदा पोरीसकट खाली गेले. वर आले तेव्हा ती खोकत होती.

मासेवाली समोरून पाण्यातून चालत येत होती. धावत नव्हती. तिला पाय कुठं ठेवायचा ते माहीत होतं. जवळ येऊन म्हणाली, "पोर दे."

मी दिली नाही. हे मी लपवत नाही. पाणी गळ्याशी आलं होतं आणि माझी बोटं सुटत नव्हती.

"दोगी बुडशाल. पोर दे गो." तिनं दोन्ही हातांनी पदर पसरला, माझ्या हनुवटीसमोर. मी धोंडीला त्यात टाकलं. तिनं गाठ मारली, पाठीवर घेतली आणि वळून गेली. एकदाही मागं बघितलं नाही.

माझे हात रिकामे झाले. त्या घटकेला माझ्या मनात काहीच नव्हतं, देवसुद्धा नव्हता. मालक आले, दंड धरून ओढलं, मी ओढली गेले.

पडवीत पोचले तेव्हा ती बाई आपल्या लुगड्यानं धोंडीचं डोकं पुसत होती, आणि धोंडी खवल्यांचं ते बोट तोंडात घालून चोखत होती. आत्याबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या, नखशिखांत भिजलेल्या. त्या हळूच म्हणाल्या, "परक्या पदरात पडली गं. आता परत घे."

मला तेव्हा कळलं. मी त्या बाईसमोर जाऊन बसले. आत्याबाईंनी कमरेची गाठ सोडली. देवापुढं द्यायचे जोंधळे त्यांनी घरापासून तिथं बांधून आणले होते, भिजून फुगलेले. मी ते मुठीत घेतले आणि त्या बाईच्या ओंजळीत घातले. तिनं बघितलं, म्हणाली, "ह्ये कशाला? बरं, कोंबड्यांना व्हतील." आणि धोंडी माझ्या मांडीवर दिली.

ओहोटीला वाडीतल्या माणसांनी गाडी ओढून काढली. एक चाक मोडलं होतं, ते दुरुस्त होईपर्यंत चार दिवस आम्ही त्या पडवीत राहिलो. मी कामाला लागले की धोंडीला ती घ्यायची, आत्याबाई घ्यायच्या, शेजारच्या बायका घ्यायच्या. मी वळूनसुद्धा बघत नव्हते. मग देवाला गेलो. गुरवानं विचारलं, कुणाच्या पदरात टाकायची. आत्याबाई म्हणाल्या, "झालं त्ये." आम्ही नमस्कार केला आणि निघालो.

त्या मासेवालीला देवानं पाठवलं असं मी म्हणत नाही. ती तिच्या घरातून आली होती, जिथं मला रहायचं नव्हतं. इतक्या जागा मी पारखल्या, नाकारल्या, आणि जी स्वतः निवडली ती पाण्याखाली गेली. पोर जगली ती मी धरली म्हणून नाही, सोडली म्हणून. एवढंच मला समजलं आहे. याहून जास्त कुणी सांगायला लागलं तर मी उठून जाते.

त्या बाईचं नाव मी विचारलं होतं, पण आता आठवत नाही. धोंडीला आता नातवंडं आहेत. माघातल्या पुनवेला मी मूठभर जोंधळे भिजवते आणि कोंबड्यांना टाकते. देवाला त्या दिवशी वेगळं काही सांगत नाही.