मीराच्या फॉर्मवर काय लिहिलं

बंगळुरूच्या बसवनगुडीतल्या मराठी मंडळींनो, सकाळपासून हे कुणाला तरी सांगायचं होतं.

आमच्या खालच्या मजल्यावर सांगलीहून बदलीवर आलेलं कुटुंब राहतं. त्यांची थोरली, पंधरा वर्षांची मीरा गेल्या महिन्यात गेली. जन्मदाखल्यावर ती मुलगा आहे, नावही वेगळं आहे. मूल दगावलं की आरोग्य खात्याच्या बाई घरी येऊन चौकशीचा फॉर्म भरतात. त्यांना मराठी येत नाही, मीराच्या आई-वडिलांना कन्नड येत नाही, म्हणून मला बोलावलं.

"मुलगा, मुलगी की तृतीयपंथी? काय लिहू, अक्का?" बाईंनी कन्नडमध्ये विचारलं.

मीराच्या आईनं मोबाईलवरचा वेणीतला फोटो पुढे केला. "मुलगी सांगा, वहिनी."

"मुलगा सांगा," वडील मला म्हणाले. मग बायकोकडे वळून, "आणि तुला ते फोटो डिलीट करायला सांगितलं होतं ना?"

मी दोघांचंही जसंच्या तसं सांगितलं. बाईंनी आधार कार्ड पाहिलं आणि मुलगा लिहिलं. घरात, शाळेत काही त्रास होता का, यावर वडील "नाही" म्हणाले. तेही लिहिलं. "सरी," म्हणजे ठीक आहे, असं म्हणून त्या उठल्या. आता त्या फॉर्मवर कुणाला काही विचारावंसं वाटेल असं काहीच उरलेलं नाही.

मी निघताना आई दाराशी कुजबुजली, "धाकटा कालपासून तिची टिकली लावून आरशासमोर बसतो. यांनी अजून पाहिलेलं नाही."

उद्या त्या घरी कुठल्या निमित्तानं जाऊ, सांगा.