कूलरसमोरचं मशीन

सुजाताचा फोन आला तेव्हा मी दाढी करत होतो, अर्ध्या तोंडाला साबण तसाच. "काका, बाबा गेले," एवढंच ती म्हणाली. लातूरहून नांदेडला पोचेपर्यंत एस.टी.च्या खिडकीशी बसून मी तिच्या बाबाशी, उत्तमशी, मनातल्या मनात भांडत होतो. भांडण हीच आमची बोलायची रीत. त्या दिवशी ती मला एकट्यालाच निभवावी लागली. आता महिना उलटून गेला, पण राग उतरायला तयार नाही. कुणावरचा राग, ते विचारू नका, मलाही सांगता यायचं नाही.

लातूर नवा जिल्हा झाला तेव्हा आम्ही दोघं नव्या कचेरीत कारकून म्हणून लागलो. मी रेणापूरचा, तो देवणीकडचा. जिल्हा नवा, साहेब नवे, पण टेबलं पुरेनात. म्हणून आम्हाला एकाच टेबलाच्या दोन बाजूंना बसवलं. खाली पायाला पाय लागायचे. "बळ्या, तुझं तंगडं तुझ्या हद्दीत ठेव," हे त्याचं माझ्याशी पहिलं बोलणं. मीही त्याला देवणीचा वळू म्हणायला सुरुवात केली, आणि होताही तसाच, आडदांड आणि हट्टी. एकदा एखादी गोष्ट डोक्यात घेतली की ब्रह्मदेव आला तरी ऐकायचा नाही. पण त्याची बायको, कौसल्यावहिनी, गायला लागल्या की हा वळू पार गोगलगाय व्हायचा. वहिनी जयंतीला वस्तीच्या स्टेजवर गायच्या, आणि गाणी दुसऱ्या कुणाची नाही, स्वतः रचलेली. शेतात खुरपताना, भाकरी थापताना त्यांना ओळी सुचायच्या. कागदावर मात्र एक अक्षर नाही. "लिवून कशाला ठेवू भाऊजी? डोक्यात हाय की," म्हणायच्या.

मग वहिनींच्या पोटात गाठ निघाली. सुजाता तेव्हा विष्णुपुरीला इंजिनिअरिंगला होती. सुट्टीत आली ती एक छोटा माइक घेऊन, आणि घरातल्या कॉम्प्युटरवर तिनं आईची गाणी भरून घेतली. वहिनींना धाप लागायची, मध्येच थांबायच्या, पाणी प्यायच्या, पुन्हा धरायच्या. ते सगळं तसंच त्यात आलं होतं, पेल्याच्या आवाजासकट. वहिनी गेल्यावर उत्तमनं एक नेम धरला. सकाळी चहाचा कप हातात घ्यायचा, कॉम्प्युटरचं ते मशीन लावायचं आणि गाणी ऐकायची. मी बऱ्याचदा समोर असायचो. "बाबा, याची एक सीडी काढून ठेवू," असं सुजाता किती वेळा म्हणाली असेल! हा म्हणायचा, "मशीन कुठं पळून चाललंय का?"

पुढं तो दुष्काळ आला. लातूरकरांना कोणता ते सांगायला नको. नळाची वाट बघण्यातच दिवस जायचा, घरात जिथं जागा तिथं पिंप, आणि टँकर आला की सभ्य माणसंसुद्धा एकमेकांच्या कळशीला धक्का मारायची. त्या उन्हाळ्यात मशीन फार तापतं म्हणून उत्तमनं काय करावं? खोलीतला कूलर उचलून थेट त्याच्यासमोर मांडला, आणि तेही मशीनचं झाकण बाजूला काढून, म्हणजे आतपर्यंत गार वारा लागावा. मी भडकलो. "अरे, माणसाला प्यायला थेंब न्हाई आन् तू मशीनला न्हाऊ घालायलास?" तर म्हणे, "तुझ्या वाटचं घेतलं का? बोअरचं हाय. तोंडात घेऊन बघ, थुंकशील." खरंच होतं ते. बोअर इतकी खोल गेली होती की ते पाणी नुसतं खारट लागायचं, डाळसुद्धा शिजायची नाही त्यात. कुणाच्या काही कामाचं नाही, तर तिच्या आवाजाला तरी थंडावा, असा त्याचा साधा हिशोब. 

उन्हाळा सरता सरता एका सकाळी मशीन चालू होईना. हिरवा दिवा लागायचा, पंखा गुरगुरायचा, आत टीं टीं वाजायचं आणि पडदा काळाच. आम्ही आत वाकून पाहिलं तर काय, पाणी तापवायच्या पातेल्याला चढतो तसला पांढरा क्षार सगळीकडं. बोअरचं पाणी वाऱ्यावर बसून आत गेलं होतं. मग आमची डॉक्टरकी सुरू झाली. रॅमची पट्टी काढ, खोडरबरानं घास, परत लाव. ब्रशनं क्षार झाड, स्पिरिटनं पूस, वायर उपसून पुन्हा खोच. कधी काहीच व्हायचं नाही, कधी कंपनीचं नाव यायचं आणि तिथंच गचकायचं. "आलं आलं! बळ्या, नाव आलं बघ," असं ओरडून तो लहान पोरासारखा टाळी द्यायचा. एका सकाळी तर चक्क गाणं लागलं. वहिनींचा आवाज आला, एक ओळ पुरी झाली, दुसरीच्या तोंडाशी खर्र झालं आणि सगळं बंद. त्यानंतर कधीच नाही.

गावातल्या दुकानात मशीन नेलं. पोरानं झाकण न उघडताच निदान केलं, "काका, फॉरमॅट मारावं लागंल." फॉरमॅट म्हणजे आतलं सगळं पुसणार, हे कळल्यावर उत्तमनं मशीन उचललं, वहिनींच्या जुन्या लुगड्यात गुंडाळलं आणि तरातरा बाहेर. त्यानंतर दुकान म्हटलं की त्याच्या अंगावर काटा यायचा. रोज सकाळी घरीच बटन दाबणं चालू. शेवटी सुजातानं नांदेडला, बिघडलेल्या डिस्कमधून माहिती काढून देणारा एक माणूस शोधला. आम्ही दोघं लुगड्यातलं ते गाठोडं मांडीवर घेऊन गेलो. त्या माणसानं सगळं तपासलं, आणि फार हळू आवाजात बोलला बिचारा. "क्षारामुळं करंट नीट मिळत नव्हता. तसल्यात तुम्ही परत परत चालू करत राहिलात, आतली चकती खरवडून गेली. पहिल्याच दिवशी बंद करून आणलं असतं तर निघालं असतं काहीतरी." बाहेर आल्यावर उत्तम रस्त्याच्या कडेला उभाच राहिला. "म्हंजी मीच की रे," एवढंच म्हणाला. मी चहा पितोस का, म्हणून विचारलं.

"आता तरी तू म्हण. तुला पाठ हायत, मोबाइलमधी घेऊ," असं मी त्याला कितीदा म्हटलं. कसला ऐकतोय! "माझ्या रेड्याच्या आवाजात तिचं गाणं? न्हाई बा," म्हणायचा, आणि उठून मशीनकडं जायचा. "अरे, ते मेलंय," मी म्हणायचो. "मग दाबू दे की. आता काय बिघडायचं राहिलंय?"

मग तो अंथरुणाला खिळला, सुजातानं त्याला नांदेडला आपल्याकडं नेलं. तिथं दवाखान्यात शेवटचा भेटलो तेव्हा नाकात नळी होती. वळूचा नुसता हाडांचा सापळा उरला होता. सुजातानं मोबाइल त्याच्या तोंडाजवळ धरला. "बाबा, आईचं ते शाळेचं गाणं म्हणा ना... माझ्यासाठी." त्यानं माझ्याकडं पाहिलं, आणि कधी नव्हे ते ऐकलं. घोगरा, तुटका, पण सुरात म्हणाला... "शाळंची वाट गं बाई, माझ्या चुलीपाशी सुरू..." मग थांबला. ओठ हलले, कपाळाला आठ्या पडल्या. आम्ही वाट पाहिली. सुजाता म्हणाली, "पुढं, बाबा?" त्यानं डोळे मिटले. "पुढची वळ मशीनमधी हाय," म्हणाला. "चालू झालं की ऐक."

मशीन आता माझ्याकडं आहे. सुजाताला ते घरात बघवत नव्हतं आणि भंगारात टाकवत नव्हतं. रोज सकाळी चहा झाला की मी बटन दाबतो. दिवा लागतो, पंखा गुरगुरतो. समोर बसून मी ती दुसरी ओळ आठवायचा प्रयत्न करतो. इतकी वर्षं ऐकलेली, चाल अजून जशीच्या तशी कानात आहे. शब्द मात्र येत नाहीत.