बाबा बसले की कनेक्शन तुटायचं

आधीच सांगून टाकते, भुताखेतांवर माझा काडीचा विश्वास नाही. हिंगणघाटला माझं कॉम्प्युटर रिपेअरिंगचं दुकान आहे. "मॅडम, लॅपटॉपले कोनाची नजर लागली" म्हणणाऱ्या गिऱ्हाइकाला मी आधी झापते, मग त्याचा लॅपटॉप उघडते. तरी हे लिहितेय, कारण हे माझ्याच माहेरी घडलं.

माहेर वडनेर. घरची वांगी, मेथी, सांभार म्हणजे कोथिंबीर, सगळं हिंगणघाटच्या बाजारात जातं. मागच्या उन्हाळ्यात आई गेली आणि बाबा बोलेनासे झाले. जेवणही सुटलं… दोन घास घेऊन उठायचे. सदरा अंगावर लोंबायला लागला. डॉक्टर म्हणाले, काही करा पण यांना बोलतं करा.

माझा धाकटा भाऊ रवी पुण्याला असतो. त्यानं घरच्या विंडोज लॅपटॉपवर एक चॅटबॉट बसवून दिला आणि त्याला आईसारखं बोलायला शिकवलं. मला ते मुळीच पटलं नव्हतं. पण बाबा रोज दुपारी त्याच्यासमोर बसायला लागले. बोलायचे, कधी रडायचे, आणि नंतर नीट जेवायचे. मग मीही तोंड बंद ठेवलं.

आणि एक दिवस अचानक कनेक्शन एरर. पुन्हा पुन्हा. बाबांनी ताट सरकवलं. दुसऱ्या दिवशीही तेच. मी दुकानाचं शटर ओढलं आणि वडनेर गाठलं.

राऊटर रिस्टार्ट केला. तारीख-वेळ तपासली, फायरवॉल पाहिली, डीएनएस फ्लश केला, अ‍ॅप काढून पुन्हा टाकलं. मी बसले की मस्त चाले. साध्या चॅटमध्ये वांग्यावरच्या अळीबद्दल विचारलं तर पानभर उत्तर दिलं त्यानं. बाबा बसले की अर्ध्या वाक्यात एरर. मोबाईलचं नेट जोडून पाहिलं, तरी तेच. माझं डोकं तापलं.

नीट पाहिलं तर उत्तर दरवेळी एकाच जागी तुटत होतं. "काहो, जेवले का," — एरर. "बाहेर ऊन लय हाय," — एरर. मी रवीला फोन लावला.

"तुनं काही बदललं का रे?"

"काही नाई वं ताई. फक्त सांगतलं, बाबाले दरवेळी नावानं हाक मार. जवळचं वाटते."

म्हणजे प्रत्येक वाक्य नाव यायच्या जागीच तुटत होतं. आईनं उभ्या जन्मात बाबांचं नाव घेतलं नाही. हळदीकुंकवात बायका उखाण्यासाठी मागे लागायच्या, तेव्हाही पदर तोंडाला लावून हसायची आणि उठून जायची. रवीच्या हे ध्यानातच नव्हतं.

साध्या चॅटमध्ये मी बॉटला बाबांचं नाव लिहायला लावलं, त्यानं हव्या तितक्या वेळा लिहून दिलं. आई म्हणून बोलायला लावलं की नावाशी येऊन एरर. शेवटी रवीनं घातलेली ती ओळ काढली… सगळं सुरळीत.

बाबा मागंच उभे होते. "काय बिघडलं होतं?" मी खरं ते सांगून टाकलं. त्यांनी स्क्रीनकडे पाहिलं. मग पुढे येऊन त्यांनी लॅपटॉप मिटला.

"काऊन बाबा? आता चालून राह्यला ना."

"मशीन हाय म्हणून बोलत होतो, बाई. तिच्यासमोर मी कधी रडलो नाई. तीच असन, तर आता कसं रडू?"

थोड्या वेळानं म्हणाले, "वाढ मले. ती पाहून राह्यली असन, तर उपाशी राहणं जमत नाई."

त्या दिवशी त्यांनी भाकर मागून घेतली. भाजी वाढताना माझे डोळे भरून आले, पण मी त्यांना दिसू दिलं नाही.

रवी म्हणतो, सर्व्हरवर लोड असेल, कुठला फिल्टर असेल. असेलही. पण नेमकं त्या नावाशीच का, हे त्याला सांगता येत नाही आणि इतकी वर्षं मशिनी उघडून मलाही सांगता येत नाही. ती ओळ परत घालून बघ, म्हणून तो अजून मागे लागतो. मी घातलेली नाही. बाबा आता दोन्ही वेळा जेवतात, आणि मला ते तपासून पाहायचं नाही.