लाभ, हानी आणि उंबरा

पायरी या वस्तूचा आमच्या आतोबांनी जेवढा विचार केला, तेवढा देवळं बांधणाऱ्यांनीही केला नसेल. आतोबा म्हणजे माझ्या आत्याचे यजमान, मुक्काम अंथुर्णे. पहिल्या पायरीवर ‘लाभ’, दुसरीवर ‘हानी’, पुन्हा ‘लाभ’ असं पुटपुटत ते चढत, आणि शेवटचं पाऊल लाभावर पडलं नाही तर खाली येऊन पुन्हा मोजत. मोरगावला देवळात जाताना त्यांच्यामागे भाविकांची रांग तुंबे. एसटीच्या पायरीवर ते एक पाय वर, एक खाली असे अडकले की कंडक्टर ओरडे, “तात्या, वर या न्हायतर उतरा!” कालव्याचं पाणी टप्प्याटप्प्यानं कोसळताना दाखवून ते म्हणत, “बघ, पानीबी पायरीनंच उतरतंय.” जेजुरीकडचे थराथरांचे डोंगर मात्र त्यांना पटत नसत. “देवानं पायऱ्या झकास केल्या, पन उंबरा न्हाय ठिवला. मोजायचं कुठवर?”

खरा घोळ उंबऱ्याचाच होता. तो पायरीत धरायचा की नाही? नव्वदच्या सुमाराला त्यांनी नवं घर बांधलं. कालव्यामुळे रान उपळायचं, जमिनीतून पाणी वर यायचं, म्हणून जोतं चांगलं उंच घेतलं. गवंड्यानं पायऱ्या केल्या, त्या उंबरा धरून हानीवर आल्या. एक पायरी वाढवली, तर गुरुजी म्हणाले, उंबरा धरायचाच नसतो. ती पाडली. मग अंगणात मुरूम पडला आणि खालची पायरी निम्मी गाडली गेली. आता तिला अर्धा लाभ म्हणायचं का, हे गुरुजींनाही सांगता येईना. मी एकदा मोजायला गेलो आणि चढताना एक, उतरताना भलताच आकडा घेऊन आलो.

या सगळ्यात आत्याचे गुडघे गेले. तिची शेळी खाली अंगणात, आत्या वर. बिचारी ओट्यावर बसून तिला नुसत्या हाका मारायची. मला फार वाईट वाटायचं. एके दिवशी आतोबा पुन्हा मोजायला लागले, तेव्हा ती म्हणाली, “तुमचा लाभ तुमी मोजत बसा. मी पाय कुठं ठिवू, तेवढं सांगा.”

आतोबा मोजणं अर्धवट सोडून खाली उतरले. मग पहार आणून त्यांनी स्वतःच सगळ्या पायऱ्या फोडल्या आणि तिथे लांबलचक उतार करून घेतला. गवंडी पुरता चक्रावला. “तात्या, आवं पायऱ्या कुठायत?”

“ही काय. एकच हाय, जरा लांब हाय.”

आत्याचा हात धरून ते तो उतार चढले. तळापासून उंबऱ्यापर्यंत, लांबवत लांबवत, त्यांनी एकच शब्द म्हटला, “लाऽऽऽभ.” आत्या हसून हसून दोनदा थांबली.

आता दोघंही नाहीत. अंथुर्ण्याला गेलो की मी तो उतार चढतो. तोंडात शब्द येतो, पण माझा श्वास अर्ध्यातच संपतो, आणि पुढचं अंतर कशात धरायचं ते मला कळत नाही.